भरलेली वजा रिकामी

सावद्याहून फैजपूरला निघालं की डाव्या हाताला
साठ टनी काटा आहे. मी तिथं बसते.
काम एवढंच : गाडी चढते, आकडा थरथरतो,
स्थिर झाला की बटण दाबायचं,
पावती फाडायची, चाळीस रुपये गल्ल्यात.
आधी रिकामी, मग भरलेली.
मधला फरक म्हणजे केळी.

दोन गाड्यांच्या मध्ये फार मोठी दुपार असते.

म्हणून खेळते.
जिंकलं तर बारा गुण, हरलं तर पाच,
दोनशे झाले की एक चाबी,
चाबीनं एक पेटी,
आणि पेटीत काय ते पेटीलाच माहीत.

भिका आप्पा, शिरपूरचे, आयशरवाले,
खिडकीत वाकून विचारतात,
"काय भेटस वं तुले त्यामा?"
चाबी.
"कशानी?"
पेटीनी.
"आन् पेटीमा?"
इथं मी त्यांना गाडी मागं घ्यायला सांगते.

पावतीच्या पाठीवर हिशोब मांडलाय, लपवत नाही.
एका चाबीला बावीस सामने, पंधरा मिनिटांचा एक,
झाले साडेपाच तास.
पगार भागला तर शेठ मला तासाला तेहतीस देतात,
म्हणजे चाबी पडली एकशे ऐंशीच्या वर.
खेळाच्या दुकानात तीच एकोणऐंशीला.
सातवीतलं पोरगंही सांगेल, तोटा.
पण ते तास शेठनी आधीच विकत घेतलेले होते,
मी त्यांच्याच पोत्यातून मूठ-मूठ काढतेय,
मग तोटा नक्की कुणाच्या नावावर लिहायचा
इथं पेन अडतो
आणि बहुतेक वेळा गाडीही येते.

एप्रिलात अकरावी पेटी उघडली.
उजेड फाकला, ढोल वाजले,
आणि निघालं काय, तर केळं.
पिवळंधमक, पाठीला अडकवायचं, लोडाएवढं.
खाली लिहिलेलं : दुर्मिळ.
काचेबाहेर त्या घडीला बारा टन उभी होती,
पाल्यात झाकलेली, चीक गळत.
मी इतकी हसले
की आकडा थांबायच्या आधीच बटण दाबलं,
वीस किलोचा घोळ झाला, शिव्या खाल्ल्या.

माझ्याहून जास्त कानात नजमोद्दीन हसला.
यावलचा तडवी. रात्री बर्फाच्या फॅक्टरीत लाद्या ओढतो,
दिवसा झोपायचं सोडून माझ्या टोळीत.
वीस किलोमीटरवर राहतो, कधी भेटलो नाही.
"गाडी आली," मी म्हणते,
फोन पालथा टाकते,
तिकडं माझी शिपाईण भिंतीशी पुतळा होते
आणि तो तिच्या पुढं येऊन उभा राहतो.
पावती फाडेपर्यंत तिला गोळी लागत नाही.
लागली तर त्याला.
किती सामने तो असा हरला,
बाराऐवजी पाचावर निजला,
ते पावतीच्या पाठीवर मांडलेलं नाही.
त्याचा रकाना कसा पाडायचा ते मला येत नाही.

जूनमध्ये तो सुरतेला गेला, मामेभावाच्या खोलीवर.
जायच्या आधी तीन चाब्या पाठवल्या,
सोबत एवढंच : "तुझ्याकडं राहू दे. तिकडं रेंज नसते."
सुरतेत रेंज नसते!
मी काही बोलले नाही.

त्या चाब्या आहेत. एकतीसला रात्री बाराला बाद होतील,
खेळाचा नियम तसा आहे.
बारीक अक्षरांत हेही लिहिलंय
की चांगली वस्तू अडीचशेतून एकदा निघते,
म्हणजे तीन टोप्या निघतील, फार तर एक रंगीत बूट.
रोज त्या पानावर जाते, अंगठा नेते, परत येते.

आप्पा रिकामी आयशर चढवतात.
"उघाडी का पेटी?"
नाही अजून.
"मंग काय करी ऱ्हायनी?"
आकडा थरथरतो.
मी हात बटणावर ठेवून थांबते,
होऊ देते त्याला स्थिर.
चार हजार सहाशे चाळीस.
रिकामी.